ब्रिटनमधील मोटारमालक : काचेवरचा कागद गेला, जबाबदारी राहिली

ब्रिटनमधील प्रत्येक मोटारीच्या पुढच्या काचेवर एकेकाळी एक छोटी गोल कागदी चकती लावलेली असे. वाहनकर भरल्याचा तो पुरावा. १ जानेवारी १९२१ रोजी सुरू झालेली ही पद्धत १ ऑक्टोबर २०१४ रोजी बंद झाली. छपाईचा आणि टपालाचा खर्च वाचला, मालकाची काच स्वच्छ झाली. मात्र कराची मुदत कधी संपते हे गाडीत बसताना रोज डोळ्यांसमोर दिसत असे, ते दिसेनासे झाले.

ब्रिटनमध्ये आज मोटार बाळगण्याचा सारा व्यवहार असाच नजरेआड चालतो. कर, विमा आणि वार्षिक तपासणी यांच्या तारखा संगणकात असतात, रस्त्यावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात आणि चूक झाली तर पत्र घरी येते. वाटेत अडवून कागद मागणारा पोलिस क्वचितच भेटतो. त्या देशातील सुमारे ३ कोटी ४० लाख मोटारींच्या मालकांना पडणारे नेहमीचे प्रश्न पाहिले, तर त्यांतले बरेचसे इंजिनाविषयी नसतात. ते मुदतीविषयी, पत्त्याविषयी आणि गाडी नेमकी कोणाच्या नावावर आहे याविषयी असतात. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे जाऊन पहिली जुनी मोटार घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याच प्रश्नांना तोंड द्यावे लागते. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आणि उजवीकडे स्टिअरिंग असल्यामुळे गाडी चालवणे तितके परके वाटत नाही. अडखळायला होते ते कागदपत्रांत.

मालक आणि धारक

ब्रिटनमध्ये वाहनांना क्रमांक देण्याची आणि चालकांना परवाने देण्याची पद्धत १९०३ च्या मोटार कार कायद्याने आली आणि १ जानेवारी १९०४ पासून अमलात आली. आज इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडमधील वाहनांची नोंद वेल्समधील स्वान्सी येथील ‘डीव्हीएलए’ हे कार्यालय ठेवते. नोंदणीच्या कागदाला ‘व्ही५सी’ म्हणतात; बोलीभाषेत ‘लॉगबुक’. आपल्याकडच्या आरसी बुकाशी त्याचे साम्य आहे, पण फरक मोठा आहे. व्ही५सीवर ज्याचे नाव असते तो गाडीचा ‘नोंदणीकृत धारक’ असतो. तो कायदेशीर मालक असेलच असे नाही, आणि तसा इशारा त्या कागदावरच छापलेला असतो. कर्जावर घेतलेल्या गाडीची मालकी अनेकदा वित्तसंस्थेकडे असते आणि धारक मात्र ती चालवणारा ग्राहक असतो.

सरकारी पत्रव्यवहार होतो तो धारकाशी. कराची आठवण, वेग मोडल्याची नोटीस, शहरप्रवेशाचे शुल्क चुकवल्याचा दंड हे सारे व्ही५सीवरील पत्त्यावर येते. घर बदलल्यावर व्ही५सी आणि वाहन परवाना अशा दोन्ही ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा लागतो. एकीकडे बदलला की दुसरीकडे आपोआप बदलत नाही. हे न केल्यास १ हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. भाड्याच्या घरांतून वरचेवर मुक्काम हलवणाऱ्या तरुणांकडून हीच गोष्ट सर्वाधिक राहून जाते आणि पुढच्या अनेक भानगडींचे मूळ तेथेच असते.

वाहनकर : रस्त्यासाठी नव्हे

या कराला सर्वसामान्य लोक ‘रोड टॅक्स’ म्हणतात. प्रत्यक्षात १९३७ पासून त्याचा रस्त्यांच्या खर्चाशी थेट संबंध राहिलेला नाही. तो सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो. ‘आम्ही रस्त्याचे पैसे भरतो’ असे सायकलस्वाराला सुनावणारा मोटारचालक म्हणूनच अर्धसत्य बोलत असतो. सायकलस्वारही इतर करांतून त्या तिजोरीत भर घालतच असतो.

कराची आकारणी गाडीच्या नोंदणीच्या तारखेवर ठरते. मार्च २००१ पूर्वीच्या गाड्यांना इंजिनाच्या आकारमानानुसार, त्यानंतर मार्च २०१७ पर्यंतच्या गाड्यांना कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनानुसार कर लागतो. १ एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या गाड्यांना पहिल्या वर्षी उत्सर्जनानुसार आणि पुढे बहुतेकांना एकाच दराने कर द्यावा लागतो. २०२५-२६ साठी हा दर १९५ पौंड होता. विजेच्या मोटारींना असलेली करमाफी १ एप्रिल २०२५ रोजी संपली.

चकती बंद झाली तेव्हा आणखी एक नियम बदलला. पूर्वी गाडी विकली तर उरलेला कर गाडीबरोबर नव्या धारकाकडे जात असे. आता विक्रीची नोंद होताच विकणाऱ्याला उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मिळतो आणि घेणाऱ्याला पहिल्या क्षणापासून स्वतःचा कर भरावा लागतो. ‘विकणाऱ्याने वर्षाचा कर भरला आहे’ या समजुतीवर गाडी घरी घेऊन जाणारा मनुष्य वाटेतच कायदा मोडत असतो. गाडी वापरायचीच नसेल, तर ती रस्त्यावर नसल्याची ‘सॉर्न’ ही घोषणा डीव्हीएलएकडे करावी लागते. अशी गाडी खासगी जागेतच ठेवता येते. घरासमोर सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी केली तरी गुन्हा होतो.

तीन वर्षांनंतरची परीक्षा

‘एमओटी’ ही तीन अक्षरे ब्रिटिश मोटारमालकाच्या वर्षाच्या वेळापत्रकात ठळकपणे लिहिलेली असतात. ती परिवहन मंत्रालयाच्या जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. नाव बदलले तरी तपासणीला तेच चिकटले. १९६० मध्ये वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या काळात ती सुरू झाली, तेव्हा दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहिले जात असे. पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. आजही इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये गाडीला तीन वर्षे पूर्ण होताच पहिली तपासणी आणि त्यानंतर दरवर्षी एक असा नियम आहे. उत्तर आयर्लंडमध्ये पहिली तपासणी चौथ्या वर्षी होते. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांत मोठे फेरफार केलेले नसतील, तर मे २०१८ पासून त्यांना सूट आहे.

मोटारीच्या तपासणीसाठी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आकारता येतात. अनेक गॅरेजे त्याहून कमी घेतात. मे २०१८ पासून दोषांची ‘धोकादायक’, ‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ अशी वर्गवारी होते. पहिल्या दोन प्रकारांत गाडी नापास होते. याखेरीज पुढे लक्ष ठेवावे अशा बाबी ‘सूचना’ म्हणून लिहिल्या जातात. टायरवरील खाचा मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. झिजलेल्या प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर तीन गुण अशी तरतूद आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गाडी ठणठणीत, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची स्थिती या तपासणीत पाहिलीच जात नाही. तपासणीच्या दिवशी गाडी किमान सुरक्षा निकषांत बसत होती, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

तपासणी आणि दुरुस्ती बहुधा एकाच गॅरेजात होत असल्यामुळे ‘खरोखर नापास आहे, की कामासाठी नापास केली?’ ही शंकाही जुनीच आहे. निकाल मान्य नसेल तर १४ कामाच्या दिवसांत ‘डीव्हीएसए’ या सरकारी संस्थेकडे दाद मागता येते. मात्र तोपर्यंत तो दोष दुरुस्त करून घ्यायचा नाही. नाहीतर तपासायला काहीच उरत नाही. मुदत संपण्याच्या एक महिना अलीकडे तपासणी करून घेतली, तरी पुढच्या वर्षीची मूळ तारीख कायम राहते. ही सवलत माहीत असलेला मालक शेवटच्या दिवसाची धावपळ टाळतो.

विमा : सर्वांत मोठा खर्च, सर्वांत मोठे गैरसमज

थर्ड पार्टी विमा १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यापासून सक्तीचा आहे. विमा न उतरवलेल्या किंवा धडक देऊन पळालेल्या वाहनांमुळे जखमी झालेल्यांना भरपाई देण्यासाठी १९४६ मध्ये विमा कंपन्यांच्या पैशातून ‘मोटर इन्शुरर्स ब्युरो’ स्थापन झाला. त्या भरपाईचा भार शेवटी नियमाने हप्ता भरणाऱ्यांवरच येतो.

२०११ पासून गाडी चालवली नाही तरी विमा लागतो. सॉर्न घोषित न केलेल्या प्रत्येक गाडीचा विमा अखंड चालू असला पाहिजे. डीव्हीएलएची नोंद आणि विम्याची नोंद संगणकावर ताडून पाहिली जाते. विम्याविना गाडी चालवताना सापडल्यास ३०० पौंड दंड, परवान्यावर सहा गुण आणि गाडी जागेवरच जप्त होऊ शकते.

नव्या चालकाला विम्याचा हप्ता कधीकधी जुन्या गाडीच्या किमतीहूनही अधिक वाटतो. वय, अनुभव, राहण्याचा पोस्टकोड, व्यवसाय, गाडीचा प्रकार आणि ती रात्री कोठे उभी असते यांवर तो ठरतो. डिसेंबर २०१२ पासून स्त्री-पुरुष असा भेद हप्त्यात करता येत नाही. जानेवारी २०२२ पासून जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी नव्या ग्राहकापेक्षा अधिक दर लावण्यास वित्तीय नियामकाने बंदी घातली. तरीही दरवर्षी चार ठिकाणी चौकशी करणाराच फायद्यात राहतो, कारण कंपनीकंपनीचे हिशेब निराळे असतात. भारतातला ‘नो क्लेम बोनस’ तेथील अनेक कंपन्या मान्य करत नाहीत.

दोन चुका विशेष महागात पडतात. पहिली वापराच्या प्रकाराबाबत. घरगुती वापराचा विमा घेऊन रोज कार्यालयात जाणे किंवा फावल्या वेळात खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करणे हे विम्याच्या कक्षेबाहेरचे असू शकते. दुसरी चूक मायेपोटी होते. गाडी मुलगा चालवत असतो, पण हप्ता कमी यावा म्हणून वडील स्वतःला मुख्य चालक दाखवतात. याला तेथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ती फसवणूक समजली जाते. असा विमा रद्द झाला, तर पुढे कोणत्याही कंपनीकडे जाताना ते सांगावे लागते.

बारा महिन्यांची सवलत

भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये गाडी चालवता येते, पण तेथे वास्तव्य सुरू झाल्यापासून केवळ १२ महिने. काही देशांच्या परवान्यांची अदलाबदल होते; भारत त्या यादीत नाही. वर्षभरात ब्रिटिश परीक्षा उत्तीर्ण न झाल्यास, पुण्या-मुंबईत वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही शिकाऊ चालक व्हावे लागते. गाडीवर लाल ‘एल’ लावायचा आणि शेजारी किमान २१ वर्षांचा, तीन वर्षे परवाना असलेला चालक बसवायचा. विमाही शिकाऊ म्हणूनच घ्यावा लागतो. १२ महिने उलटल्यावर जुन्या परवान्यावर एकट्याने गाडी चालवणे म्हणजे परवान्याविना चालवणे ठरते आणि त्यापाठोपाठ विमाही अडचणीत येतो.

लेखी परीक्षा जुलै १९९६ मध्ये आली आणि पडद्यावरील दृश्यांतून धोका ओळखण्याची परीक्षा २००२ मध्ये. पहिलीत ५० पैकी ४३, दुसरीत ७५ पैकी ४४ गुण हवेत. प्रत्यक्ष परीक्षा सुमारे ४० मिनिटांची असते. किरकोळ चुका १५ पर्यंत चालतात, पण एक गंभीर चूक झाली की परीक्षार्थी नापास. कोविड साथीनंतर परीक्षेच्या तारखांसाठी अनेक महिने थांबावे लागत असल्याने, पोहोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

अनुभवी भारतीय चालक अडतात ते हात सफाईने चालत नाहीत म्हणून नव्हे. आरसे वारंवार पाहणे, वाटोळ्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे, पादचाऱ्यासाठी थांबणे या सवयी परीक्षक पाहत असतो. २९ जानेवारी २०२२ पासून ‘हायवे कोड’ या नियमावलीत, वळणावर रस्ता ओलांडू पाहणाऱ्या पादचाऱ्यालाही वाट द्यावी असे स्पष्ट करण्यात आले. हॉर्नचे नियम तर आपल्याला नवलाचे वाटावेत असे आहेत. वस्तीच्या भागात रात्री साडेअकरा ते सकाळी सात या वेळेत चालत्या गाडीचा हॉर्न वाजवण्यास मनाई आहे आणि गाडी उभी असताना, दुसऱ्या वाहनापासून धोका असल्याखेरीज, तो कधीच वाजवायचा नाही.

गुण वाढले की परवाना जातो

वस्तीत ताशी ३० मैल, दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ६० आणि मोटरवेवर ७० मैल अशा मोटारींसाठीच्या सर्वसाधारण मर्यादा आहेत. म्हणजे अनुक्रमे सुमारे ४८, ९६ आणि ११३ किलोमीटर. सत्तर मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये तात्पुरती म्हणून लागू झाली आणि १९६७ मध्ये कायमची झाली. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील सर्वसाधारण मर्यादा २० मैलांवर आणली गेली.

वेग मोडल्यास किमान १०० पौंड दंड आणि तीन गुण. हातात मोबाइल धरून गाडी चालवल्यास मार्च २०१७ पासून २०० पौंड आणि सहा गुण. येथे गुण म्हणजे शाबासकी नव्हे. तीन वर्षांत १२ गुण साचले की परवाना सहसा किमान सहा महिन्यांसाठी जातो. पहिला परवाना मिळाल्यावर दोन वर्षांच्या आत सहा गुण झाले, तर तो रद्द होऊन पुन्हा शिकाऊपासून सुरुवात करावी लागते. वेग थोडाच ओलांडला असेल, तर पोलिस दंडाऐवजी पैसे भरून करायच्या अभ्यासवर्गाचा पर्याय देऊ शकतात. मग गुण लागत नाहीत.

कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस साधारणपणे १४ दिवसांत धारकाकडे पोहोचली पाहिजे. त्या वेळी गाडी कोण चालवत होते हे धारकाने २८ दिवसांत कळवायचे असते. न कळवल्यास तो वेगळा गुन्हा आणि त्याला सहा गुण. नवऱ्याचे गुण बायकोने ‘घेणे’ ही क्षुल्लक लबाडी वाटते. पण माजी मंत्री ख्रिस ह्यून यांचे राजकीय आयुष्य तिनेच संपवले. २००३ मधील वेगाच्या गुन्ह्याचे गुण त्यांच्याऐवजी त्यांच्या तत्कालीन पत्नी विकी प्राइस यांनी स्वीकारले होते. दहा वर्षांनी, मार्च २०१३ मध्ये, न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही आठ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

दोन नोटिसा, नावे जवळजवळ सारखी

लंडनमधील पहिले पार्किंग मीटर जुलै १९५८ मध्ये मेफेअर भागात बसवले गेले. तेव्हापासून गाडी उभी करण्याची जागा हा ब्रिटिश चालकाचा नित्याचा डोकेदुखीचा विषय आहे. दुहेरी पिवळी रेघ असेल तेथे कधीच गाडी उभी करून ठेवायची नाही. एकेरी पिवळी रेघ असेल तर शेजारच्या फलकावरील वेळ पाहायची. लंडनमध्ये १९७४ च्या कायद्यापासून पदपथावर गाडी लावण्यास मनाई आहे.

काचेवर सापडणारी नोटीस कोणाची, हे प्रथम पाहावे. नगरपालिकेची असते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. तिला कायद्याचे पाठबळ असते. १४ दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम लागते, हरकत घेता येते आणि ती फेटाळली गेल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनामूल्य जाता येते. सुपरमार्केट किंवा रुग्णालयाच्या आवारात खासगी कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’. तो सरकारी दंड नसतो. फलकावरील अटींचा भंग केल्याबद्दल केलेली ती मागणी असते. इंग्रजीत दोन्हींची आद्याक्षरे एकच असल्याने गोंधळ होतो.

खासगी नोटीस सरळ फाडून टाकावी, असा सल्ला मित्रमंडळींत पूर्वी सर्रास दिला जाई. तो आता धोक्याचा आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ च्या कायद्याने खासगी जागेत चाकाला कुलूप ठोकण्यावर बंदी आली खरी. परंतु त्याच कायद्याने, चालक कोण होता हे कळले नाही तर ठरावीक अटींवर धारकाकडून वसुली करण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेम्सफर्डच्या बॅरी बीव्हिस यांच्या खटल्यात, दोन तासांच्या मोफत मुदतीनंतर ५६ मिनिटे अधिक थांबल्याबद्दलची ८५ पौंडांची मागणी योग्य ठरवली. नोटीस चुकीची वाटत असेल तर मुदतीत लेखी हरकत घेणे, पावती आणि छायाचित्रे जपून ठेवणे हाच मार्ग उरतो.

राजधानीत शिरताना

मध्य लंडनमध्ये १७ फेब्रुवारी २००३ पासून गर्दीशुल्क आहे. महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी ते सुरू केले तेव्हा दिवसाला पाच पौंड होते. जानेवारी २०२६ पासून ते १८ पौंड झाले. याखेरीज प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना ‘युलेझ’ या क्षेत्रात दिवसाला १२ पौंड ५० पेन्स द्यावे लागतात. एप्रिल २०१९ मध्ये हे क्षेत्र मध्य लंडनपुरते होते; २९ ऑगस्ट २०२३ रोजी ते सर्व बरोंपर्यंत पोहोचले. ढोबळमानाने २००६ पूर्वीच्या पेट्रोल आणि सप्टेंबर २०१५ पूर्वीच्या डिझेल मोटारी त्यात सापडतात. कोठेही फाटक किंवा टोलनाका नसतो. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि पैसे आपणहून भरायचे असतात. टेम्स नदीखालून-वरून जाणाऱ्या डार्टफर्डच्या मार्गावरही २०१४ पासून नाका नाही. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत शुल्क भरले नाही तर दंडाची नोटीस येते.

या शुल्कावरून वाद झाले. जुनी डिझेल गाडी हेच ज्याच्या धंद्याचे साधन, त्या कारागिराचा राग समजण्यासारखा होता. डिझेलने कार्बन कमी होतो म्हणून २००१ पासूनच्या करपद्धतीने लोकांना तिकडे वळवले होते, हेही खरे. दुसऱ्या बाजूला एला अडू-किस्सी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीचा मृत्यू होता. लंडनच्या वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी ही दम्याची रुग्ण २०१३ मध्ये गेली. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. मोटारमालकाचा खर्च आणि शेजाऱ्याचा श्वास यांचा हिशेब यानंतर वेगळा मांडता येईना.

जुनी गाडी घेताना

नंबरप्लेटवरूनच गाडीचे वय कळते. सप्टेंबर २००१ पासूनच्या पद्धतीत मधले दोन अंक मार्च किंवा सप्टेंबरमधील नोंदणी सांगतात. ‘२५’ म्हणजे मार्च २०२५ पासूनची आणि ‘७५’ म्हणजे सप्टेंबर २०२५ पासूनची. क्रमांक टाकून एमओटीचा सारा पूर्वेतिहास सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. प्रत्येक तपासणीच्या वेळचे मैल त्यात असतात. आकडा एखाद्या वर्षी मागे गेलेला दिसला, तर मीटरशी छेडछाड झाल्याची शंका घ्यावी. गाडीवर कर्ज बाकी आहे काय आणि विमा कंपनीने तिला पूर्वी निकाली काढले होते काय, हे मात्र पैसे भरून तपासावे लागते. निकाली निघालेल्या गाड्यांपैकी ‘एस’ आणि ‘एन’ वर्गातल्या दुरुस्तीनंतर रस्त्यावर येऊ शकतात, ‘ए’ आणि ‘बी’ वर्गातल्या नाही.

व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीत मुळातला दोष निघाला, तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुरुस्तीची एक संधी व्यापाऱ्याला द्यावी लागते. खासगी व्यक्तीकडून घेतल्यास हे संरक्षण नाही. गाडी वर्णनाप्रमाणे असावी आणि विकण्याचा हक्क विकणाऱ्याला असावा, एवढेच. दोनशे पौंड वाचवण्यासाठी अनोळखी माणसाकडून रस्त्याच्या कडेला गाडी घेण्यापूर्वी हा फरक ध्यानात ठेवावा.

पेट्रोलकडून विजेकडे

पेट्रोल लिटरने विकले जाते आणि गाडीचा खप मात्र गॅलनमागे किती मैल असा मोजला जातो. एक ब्रिटिश गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. इंधनावरील कर २०११ पासून लिटरमागे ५७.९५ पेन्सवर गोठवलेला होता. मार्च २०२२ मध्ये त्यात पाच पेन्सची कपात झाली. त्यावर पुन्हा २० टक्के मूल्यवर्धित कर. सप्टेंबर २००० मध्ये शेतकरी आणि मालवाहतूकदारांनी तेलकेंद्रे रोखून देश काही दिवसांत ठप्प केला होता. त्या आठवणीमुळे हा कर वाढवताना प्रत्येक अर्थमंत्री बिचकतो.

विजेच्या गाडीचा हिशेब घराच्या रचनेवर अवलंबून असतो. स्वतःच्या आवारात चार्जिंग करणाऱ्याला घरगुती विजेवर पाच टक्के मूल्यवर्धित कर लागतो. सार्वजनिक केंद्रावर तोच २० टक्के. बंगलेवाल्याला स्वस्त आणि सदनिकेत राहणाऱ्याला महाग, असा हा व्यवहार आहे. केवळ पेट्रोल-डिझेलवर चालणाऱ्या नव्या मोटारींची विक्री २०३० पासून बंद करण्याचे धोरण आहे. इंधनकराची घटती आवक भरून काढण्यासाठी एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींवर मैलामागे तीन पेन्स आकारण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

पत्र उघडलेच नाही तर

या सगळ्या तरतुदींचा कस लागतो तो पत्र वेळेवर न मिळाल्यावर. नगरपालिकेची नोटीस दुर्लक्षित राहिली की रक्कम दीडपट होते. मग ती नॉर्दम्प्टनच्या वसुली केंद्रात कर्ज म्हणून नोंदवली जाते आणि अखेर वसुली अधिकारी दारात उभे राहतात. करविना किंवा विम्याविना ठेवलेल्या गाडीचा खटला इंग्लंड-वेल्समध्ये २०१५ पासूनच्या पद्धतीने चालवता येतो. त्यात एकच दंडाधिकारी बंद दाराआड केवळ कागद पाहून निकाल देतो. आरोपीला उत्तरासाठी २१ दिवस मिळतात; उत्तर आले नाही तर त्याच्या गैरहजेरीत निर्णय होतो. आजारी, वृद्ध किंवा मानसिक व्याधीने त्रस्त माणसांनाही या मार्गाने शिक्षा झाल्याची प्रकरणे उजेडात आल्यामुळे या पद्धतीवर टीका झाली आहे.

पत्र खरोखरच मिळाले नसेल तर उपाय आहे. खटल्याची माहितीच नव्हती असे शपथेवर, माहिती झाल्यापासून २१ दिवसांत निवेदन करता येते आणि निकाल रद्द होऊन प्रकरण नव्याने सुरू होते. पार्किंगच्या वसुलीतही तसे निवेदन करण्याची सोय आहे. तथापि, पत्ता आपणच बदलला नसेल तर ही धावपळ आपल्याच हाताने ओढवून घेतलेली असते.

त्यामुळे ब्रिटनमध्ये पहिली मोटार घेणाऱ्याने गाडीच्या रंगाआधी चार तारखा लिहून ठेवाव्यात : कराची, विम्याची, एमओटीची आणि परवान्याच्या मुदतीची. घर बदलले तर त्याच आठवड्यात व्ही५सी आणि परवाना या दोन्हींवरचा पत्ता बदलावा. गाडी विकली तर डीव्हीएलएला त्याच दिवशी कळवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी. नाहीतर नव्या धारकाने केलेल्या चुकांची पत्रे जुन्याच धारकाकडे येत राहतात. काचेवरच्या चकतीने ९३ वर्षे केलेले आठवण देण्याचे काम आता ज्याचे त्यालाच करावे लागते.